भात आणि भाकरी वेगळीं केव्हां झालीं?

मराठी घरांत पान वाढतांना आधीं भाकरी येते आणि मागाहून भात येतो. जेवणारा दोहोंनाही न्याय देतो. पण त्या दोहोंचें एकमेकांशीं नातें काय, हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा उद्भवत नाहीं. भाकरी ज्वारीची, भात तांदळाचा. एक देशावरचें अन्न, दुसरें कोंकणचें. एकाला काळी जमीन हवी, दुसऱ्याला चिखल आणि पाणी. अशा या दोन धान्यांचें कुळ मात्र एकच आहे. दोन्ही गवतें आहेत. गवतांचें हें कुळ मोठें असून त्यांत अकरा हजारांहून अधिक जाती गणल्या जातात, आणि त्यांपैकीं बहुतेक सर्व जाती दोन थोरल्या शाखांत विभागलेल्या आहेत. पहिल्या शाखेंत तांदूळ, गहूं, जव आणि बांबू. दुसरींत ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि ऊंस. म्हणजे गव्हाची पोळी ही दिसावयास भाकरीची बहीण असली, तरी रक्तानें ती भाताला अधिक जवळची आहे. आणि भाकरीबरोबर तोंडीं लावलेला गुळाचा खडा हा भाकरीच्या अगदीं निकटच्या नात्यांतला आहे.

एकत्र कुटुंब विभक्त होतें तेव्हां वांटणीपत्र होतें, त्यावर मिति पडते, साक्षीदारांच्या सह्या होतात. तांदूळ आणि ज्वारी यांचे पूर्वज वेगळे झाले त्या वांटणीचा कागद कोणीं लिहून ठेविलेला नाहीं. तरीही ती केव्हां झाली असा प्रश्न शास्त्रज्ञांनीं विचारला आहे आणि त्याला उत्तरही मिळालें आहे. नवल असें कीं, उत्तरें दोन मिळालीं आहेत. २०१४ सालीं पास्काल-आंत्वान क्रिस्तँ आणि त्यांचे सहकारी यांनीं एकाच निबंधांत तीं शेजारीं शेजारीं मांडलीं. एका हिशेबानें ही वांटणी ५ कोटी १० लक्ष ते ५ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वीं झाली. दुसऱ्या हिशेबानें ७ कोटी ४० लक्ष ते ८ कोटी २० लक्ष वर्षांपूर्वीं. दोहोंच्या मध्यें सुमारें दोन कोटी वर्षें सहज मावतात. हिशेब करणारे तेच, वनस्पति त्याच, मोजण्याची रीत तीच. वेळा मात्र दोन. असें कां व्हावें, आणि असें होत असतां या घड्याळावर विश्वास कितपत ठेवावा, याचा विचार करण्यासारखा आहे.

या घड्याळाची रचना समजण्यास जुन्या पोथ्यांचें उदाहरण उपयोगी पडेल. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, सिद्ध झाली. पुढें तिच्या हातानें नकला होत गेल्या आणि नकलेंमागून नकलेंत चुका शिरत गेल्या. कोठें काना गळला, कोठें अपरिचित शब्दाच्या जागीं ओळखीचा शब्द आला, कोठें एखाद्या लेखकानें आपल्या पदरची ओवी घातली. अखेर शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथमहाराजांना तो ग्रंथ शुद्ध करण्याचें कार्य हातीं घ्यावें लागलें. भक्ताला अशा चुकांचें दुःख होतें. पोथ्यांच्या अभ्यासकाला मात्र त्या उपयोगाच्या असतात. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असें तो ताडतो. दोन पोथ्यांत फरक थोडे असले तर त्यांची ताटातूट अलीकडची. पुष्कळ असले तर जुनी. इतक्यानें कोण कोणाच्या जवळचा हें कळतें, पण साल कळत नाहीं. साल कळण्यास एखाद्या तरी पोथीच्या शेवटीं लेखनाची मिति असावी लागते. ती मिळाली म्हणजे अमुक वर्षांत अमुक चुका असें प्रमाण बसवितां येतें, आणि त्या प्रमाणानें मिति नसलेल्या पोथ्यांचेंही वय काढतां येतें. रेणूंच्या साह्यानें वनस्पतींच्या वंशांचें वय काढण्याची सारी युक्ति या एका दृष्टांतांत आहे.

वनस्पतीची पोथी म्हणजे तिच्या प्रत्येक पेशींत असणारा डी. एन. ए. नांवाचा लांबच लांब रेणू. त्याची लिपि अवघ्या चार अक्षरांची आहे: अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. पिढी दर पिढी या पोथीची नक्कल होते. नक्कल करणारी यंत्रणा विलक्षण काटेकोर आहे. परंतु कोट्यवधि वर्षांच्या अवधींत तिच्याही हातून अक्षरें चुकतात, आणि चुकलेलें अक्षर पुढच्या पिढ्यांना मूळ म्हणूनच मिळतें. पानांना हिरवा रंग देणारे जे सूक्ष्म हरितलवक, त्यांच्यापाशीं तर स्वतःची अशी एक वेगळी लहानशी पोथी असते. तिच्यांतील एक अध्याय रुबिस्को नांवाच्या एन्झाइमाचा आहे. हवेंतील कर्बवायु पकडून त्याची साखर करण्याच्या कामास आरंभ करून देणारें एन्झाइम तें हेंच. या अध्यायास शास्त्रज्ञ आरबीसीएल असें म्हणतात. त्याची लांबी सुमारें १,४०० अक्षरांची. हिरव्या वनस्पतींत तो सर्वत्र आढळतो आणि फार सावकाश बदलतो. म्हणून दूरदूरच्या झाडांतील हा अध्याय शेजारीं शेजारीं ठेवून अक्षराला अक्षर ताडून पाहतां येतें. १९९३ सालीं ४२ संशोधकांनीं मिळून बी धरणाऱ्या सुमारें ५०० वनस्पतींचा हा अध्याय असा ताडून पाहिला आणि फुलझाडांची वंशावळ नव्यानें मांडली.

बदललेल्या अक्षरांवरून काळ मोजावा ही कल्पना मात्र झाडांवरून सुचली नाहीं. ती रक्तावरून सुचली. १९६२ सालीं एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनीं माणूस, घोडा इत्यादि प्राण्यांच्या रक्तांतील हीमोग्लोबिन या प्रथिनाची तुलना केली, तेव्हां असें दिसलें कीं, दोन प्राण्यांचे पूर्वज जितके पूर्वीं वेगळे झाले असतील तितके त्यांच्या हीमोग्लोबिनांत फरक अधिक. १९६५ सालीं त्यांनीं या गोष्टीला घड्याळाची उपमा दिली. हें घड्याळ चालतें कशामुळें, याचा एक उलगडा जपानचे मोतो किमुरा यांनीं १९६८ सालीं केला. त्यांचें म्हणणें असें कीं, रेणूंमध्यें टिकून राहणारे बहुतेक फरक जीवाच्या हिताचेही नसतात आणि अहिताचेही नसतात. निसर्ग त्यांची निवड करीत नाहीं आणि त्यांचा अव्हेरही करीत नाहीं. रांजणांत थेंब थेंब पाणी सांठावें, तसे ते आपल्या गतीनें सांठत जातात. १९७२ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड बोल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सायटोक्रोम सी या प्रथिनावरून फुलझाडांचें वय काढण्याचा प्रयत्न केला, आणि घड्याळ वनस्पतींच्या राज्यांत आलें.

त्या राज्यांत एक जुना वाद त्याची वाट पाहत होता. फुलझाडांच्या खुणा खडकांच्या थरांत एकाएकीं दिसूं लागतात आणि थोड्याच अवधींत विपुल होतात. याचा उलगडा होईना म्हणून चार्ल्स डार्विन यांनीं २२ जुलै १८७९ रोजीं जोसेफ हूकर यांस लिहिलेल्या पत्रांत या गोष्टीला एक संतापजनक कोडें म्हटलें होतें. फुलझाडांचे सर्वमान्य असे सर्वांत जुने परागकण सुमारें साडेतेरा कोटी वर्षांपूर्वींचे आहेत. रेणूंनीं मात्र निराळें सांगितलें. १९८९ सालीं केनेथ वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हरितलवकाच्या पोथीवरून एकदल आणि द्विदल वनस्पतींची ताटातूट सुमारें २० कोटी वर्षांपूर्वींची ठरविली, आणि तींत चार कोटी वर्षें मागेंपुढें होऊं शकतील असेंही सांगितलें. त्याच वर्षीं दुसऱ्या एका गटानें दुसऱ्या जनुकावरून फुलझाडांचा आरंभ ३० कोटी वर्षांच्याही पलीकडे नेला. खडक एक सांगत होते, रेणू दुसरें. आणि रेणूंचें आपसांतही जमत नव्हतें. यांपैकीं कोणी खोटें बोलत होतें असें नव्हे. त्यांचें बोलणें ऐकण्याची रीत अजून नीट बसावयाची होती.

ती रीत आणि तिच्यांतील अडचण एका सोप्या हिशेबानें ध्यानांत येईल. समजा, दोन वनस्पतींच्या एकाच अध्यायांत ६० अक्षरांचा फरक आहे, आणि त्यांचे पूर्वज ६ कोटी वर्षांपूर्वीं वेगळे झाले हें एखाद्या जीवाश्मावरून ठाऊक आहे. फरक दोन्ही बाजूंनीं सांठतात; म्हणून प्रत्येक बाजूच्या वांट्यास ३० आले. सहा कोटी वर्षांत ३०, म्हणजे दर २० लक्ष वर्षांस एक. आतां ज्यांचा जीवाश्म नाहीं अशा दुसऱ्या दोन वनस्पति घेतल्या, आणि त्यांच्यांत २० अक्षरांचा फरक आढळला; तर प्रत्येक बाजूस १०, आणि वय दोन कोटी वर्षें. येथवर त्रैराशिक सरळ आहे. परंतु उद्यां पहिल्या जोडीचा अधिक जुना जीवाश्म सांपडला आणि तिची ताटातूट सहा नव्हे, नऊ कोटी वर्षांपूर्वींची ठरली, तर गति मंदावून दर ३० लक्ष वर्षांस एक अशी होईल. आणि दुसऱ्या जोडीचें वय, तिच्यांतील एकही अक्षर न बदलतां, दोन कोटींवरून तीन कोटींवर जाईल. रेणू फक्त अंतर सांगतात. वर्षें सांगतो तो दगड.

या हिशेबांत आणखी दोन खांचखळगे आहेत. पहिला असा कीं, एकाच जागचें अक्षर दोनदां बदललें तर पाहणाऱ्याला एकच बदल दिसतो. तें फिरून पूर्वपदावर आलें तर एकही दिसत नाहीं. जितका काळ अधिक तितके असे लपलेले बदल अधिक. त्यांची भरपाई गणितानें करावी लागते. दुसरा खळगा याहून खोल आहे. सर्व नकलनवीस एकाच वेगानें चुकत नाहींत. एका मठांत पोथीची नक्कल दरवर्षीं होत असेल आणि दुसऱ्यांत पन्नास वर्षांतून एकदां, तर शंभर वर्षांनंतर दोन्हींकडील चुका सारख्या कशा असतील? १९९२ सालीं ब्रँडन गॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकदल वनस्पतींचा तोच रुबिस्कोचा अध्याय तपासला, तेव्हां गवतांचा बदलण्याचा वेग ताडकुलांतील झाडांच्या पांचपटींहून अधिक भरला. नारळ, सुपारी, ताड हीं त्या कुळांतलीं झाडें. नारळाचें बी रुजून पुन्हा नारळ लागण्यास वर्षें लागतात. ज्वारी एका हंगामांत पिढी पुरी करिते. २००८ सालीं स्टीफन स्मिथ आणि मायकेल डोनोह्यू यांनीं पुष्कळशा फुलझाडांच्या घराण्यांत हाच नियम दाखविला: झाडेंझुडें सावकाश बदलतात, अल्पायुषी रोपें जलद. तेव्हां नारळाचें घड्याळ गवताच्या हातावर बांधून चालणार नाहीं. आजचे हिशेब या कारणानें प्रत्येक शाखेस वेगळी गति असूं शकते असें धरून केले जातात. पण ती गति ठरविण्यासही अखेर खडकांतला पुरावाच लागतो.

पूर्वीं छावणीच्या गांवीं दुपारीं बाराची तोफ सुटे आणि लोक तिच्यावर आपलीं घड्याळें लावीत. रेणूंच्या घड्याळाची तोफ म्हणजे जीवाश्म. आणि ही तोफही विचित्र आहे. ती बरोबर बाराला सुटत नाहीं. जुन्या दप्तरांत शके १६०० च्या कागदावर एखाद्या घराण्याचें नांव आढळलें, तर तें घराणें त्या सालीं होतें एवढेंच सिद्ध होतें. तें त्याच सालीं उत्पन्न झालें असें सिद्ध होत नाहीं. त्याआधींचे कागद वाळवीनें खाल्ले असतील, किंवा अजून कोणाच्या माळ्यावर पडले असतील. जीवाश्माचें असेंच आहे. तो वंशाचें कमींत कमी वय सांगतो. अधिकांत अधिक किती, याविषयीं मौन धरितो. म्हणून नवा जीवाश्म हातीं आला कीं वंशाचें वय बहुधा वाढतें.

गवतांच्या बाबतींत हे कागद फारच थोडे. गवताची काडी कोमल. ती कुजून जाते, दगडांत उमटत नाहीं. त्याचे परागकण साधे, वाटोळे, एकमेकांसारखे. ते पाहून अमुक शाखेचे असें सांगणें कठीण. गवताच्या स्पष्ट ओळखतां येणाऱ्या फुलोऱ्याचे जुने अवशेष अमेरिकेंतील टेनेसी प्रांतांत मिळाले आणि त्यांचें वर्णन १९९१ सालीं प्रसिद्ध झालें; त्यांचें वय सुमारें साडेपांच कोटी वर्षें. अजस्र सरडे, म्हणजे डायनासोर, पृथ्वीवरून नाहींसे झाले त्याला ६ कोटी ६० लक्ष वर्षें झालीं. यावरून असा समज रूढ झाला कीं, डायनासोरांच्या काळीं गवताचा प्रसार असा नव्हताच. गवताळ रानांचा उदय मागाहूनचा. चित्रकार डायनासोरांचीं चित्रें काढीत तेव्हां त्यांच्या पायांखालीं नेचे काढीत. गवत काढणें ही चूक गणली जाई.

हा समज ज्या ठिकाणीं ढळला तें ठिकाण विदर्भांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वींच्या चांदा जिल्ह्यांत, वरोऱ्याजवळ पिसदुरा नांवाचें गांव आहे. दख्खनचा काळा खडक ज्या लाव्ह्यानें झाला, त्याच्या लगतच्या काळांत साचलेले लामेटा नांवाचे थर तेथें उघडे पडले आहेत. नर्मदेवरील जबलपूरनजीकच्या लामेटा घाटावरून या थरांस तें नांव मिळालें. पिसदुऱ्याच्या शेतांतून प्रचंड प्राण्यांचीं हाडें आणि त्यांबरोबर वाटोळे, लांबट दगड मिळतात. हे दगड म्हणजे त्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा. सी. ए. मॅटले यांनीं १९३९ सालीं भारतीय भूविज्ञान खात्याच्या नियतकालिकांत त्यांच्यावर लेख लिहिला होता. म्हणजे ही वस्तु अज्ञात नव्हती. तिच्या पोटांत काय आहे, हें पाहणें तेवढें राहिलें होतें.

तें काम लखनौच्या बिरबल साहनी पुराजीवविज्ञान संस्थेंतील वंदना प्रसाद, स्टॉकहोमच्या कॅरोलाइन स्ट्रोम्बर्ग, हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनीं केलें. त्यांना त्या विष्ठेंत गवताच्या पात्यांतील गारेचे कण सांपडले. उसाच्या मळ्यांतून गेलेल्या माणसास पात्यानें अंग कसें कापतें हें सांगावयास नको. गवत जमिनींतून पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतें आणि पात्यांत तिचे बारीक कण घडवितें. पातें कुजतें, पण कण उरतात. जनावरानें गवत चघळून पचविलें तरीही ते उरतात. आणि मुख्य गोष्ट ही कीं, निरनिराळ्या शाखांत या कणांचे घाट निरनिराळे. कोठें खोगिरासारखे, कोठें डमरूसारखे. भाताच्या कुळांत हे डमरू पात्याच्या लांबीला आडवे बसविलेले असतात. २००५ सालच्या नोव्हेंबरांत या चौघांचा निबंध सायन्स नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. टायटानोसॉर जातीच्या शाकाहारी डायनासोरांची मानलेल्या या विष्ठेंत माड-ताडांचे, सूचिपर्णी वृक्षांचे आणि इतर झाडांचे अंश होतेच. त्यांबरोबर आजच्या गवतांच्या उपशाखांतील निदान पांच प्रकारचीं गवतें होतीं. गवत हा त्या प्राण्यांच्या आहाराचा लहानसा भाग होता. पण तो होता. थरांचें वय साडेसहा ते पावणेसात कोटी वर्षें. २०११ सालीं वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच काळांतील भारतीय थरांतून मिळालेल्या पात्याच्या सालींत खुद्द भाताच्या घराण्याचें लक्षण दाखविलें.

आतां आरंभींच्या दोन उत्तरांचें कोडें सुटतें. क्रिस्तँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकदां केवळ फुलोऱ्यासारखे डोळ्यांना दिसणारे मोठे जीवाश्म प्रमाण मानले, तेव्हां तांदूळ आणि ज्वारी यांच्या शाखांची वांटणी सव्वापांच कोटी वर्षांच्या आसपास आली. दुसऱ्यांदां त्यांनीं गारेचे सूक्ष्म कणही प्रमाणांत धरिले, तेव्हां ती पावणेआठ कोटी वर्षांच्या आसपास गेली. त्यांना आणखीही एक गोष्ट आढळली. गवतांच्या कुळाच्या अगदीं आरंभीं हरितलवकाच्या पोथींतील बदल जलद झाले आणि पुढें मंदावले. त्यामुळें केवळ त्या पोथीवर विसंबणाऱ्या कांहीं गणितांची दिशाभूल होत होती. म्हणून पेशीच्या केंद्रांतील मोठ्या पोथीची साक्षही त्यांनीं घेतली. तरीही दोन कोटी वर्षांचें अंतर भरून निघालें नाहीं. तें रेणूंच्या हातीं नव्हतेंच. तें पिसदुऱ्याच्या कणांना साक्षीदार म्हणून उभें करावयाचें कीं नाहीं, यावर अवलंबून होतें.

ज्यांना या साक्षीविषयीं शंका वाटते त्यांचें म्हणणें दुर्लक्ष करण्याजोगें नाहीं. कणाचा घाट ही कांहीं एकाच शाखेची मिरास नव्हे. दोन घराण्यांत एकच नाक स्वतंत्रपणें येऊं शकतें, तसा एकच घाट दोन शाखांत वेगवेगळ्या वेळीं उत्पन्न होऊं शकतो. किंवा तो मूळ पूर्वजाचाच असून कांहीं वंशजांनीं तेवढा राखला असेल. कण खरा, काळ खरा, आणि तरीही त्याची वंशावळींतली जागा चुकलेली असूं शकते. याच्या उलट दुसऱ्या पक्षाला उत्तरेकडून आधार मिळाला आहे. २०१८ सालीं चीनच्या वायव्य भागांतील एका शाकाहारी डायनासोरच्या दातांवर गवताच्या पात्याची साल आणि गारेचे कण मिळाल्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याचें वय दहा ते साडेअकरा कोटी वर्षें. ही जागा खरी ठरत असेल, तर गवताचें कुळ भाकरी-भाताच्या वांटणीच्या कितीतरी आधीं नांदत होतें.

एवढ्या दूरच्या काळांत दोन कोटी वर्षें इकडे कीं तिकडे, याचा आजच्या माणसाला काय उपयोग, असें कोणी म्हणेल. परंतु ताऱखेबरोबर इतिहास बदलतो. वांटणी सव्वापांच कोटी वर्षांपूर्वींची असेल, तर धान्यांचे हे दोन्ही वंश डायनासोरांच्या संहारानंतर जन्मले. त्यांनीं तो प्रलय पाहिलाच नाहीं. ती पावणेआठ कोटी वर्षांपूर्वींची असेल, तर तांदळाचा आणि ज्वारीचा दोन्ही पूर्वज त्या संहारांतून तगून निघाले. शिवाय त्या काळीं भारताचा भूभाग आशियाशीं जोडलेला नव्हता. तो बेटासारखा समुद्रांतून उत्तरेकडे सरकत होता आणि आशियाला येऊन भिडला तो सुमारें पांच कोटी वर्षांपूर्वीं. भाताचें घराणें त्याआधींच या बेटावर नांदत असेल, तर तें येथें आलें कोठून आणि येथून गेलें कोठें, हा प्रश्न सर्वस्वीं निराळ्या रीतीनें सोडवावा लागेल. एक आंकडा बदलला कीं नकाशा बदलतो.

म्हणून या विषयांतील चांगले संशोधक आतां उत्तराबरोबर आपलीं गृहीतेंही उघड मांडतात. २०२४ सालीं लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या पुढाकारानें फुलझाडांची एक प्रचंड वंशावळ प्रसिद्ध झाली. तिच्यांत साडेनऊ हजार जातींचीं ३५३ जनुकें ताडून पाहिलीं होतीं आणि २०० जीवाश्मांवर घड्याळ लाविलें होतें. इतकी सामग्री असूनही त्या संशोधकांनीं हिशेब दोनदां केला: फुलझाडें १५ कोटी ४० लक्ष वर्षांहून जुनीं नाहींत असें धरून एकदां, आणि २४ कोटी ७० लक्ष वर्षांपर्यंत जुनीं असूं शकतील असें धरून पुन्हा. अक्षरांचा ढीग कितीही वाढला, तरी मिति देणाऱ्या साक्षीदाराची जागा तो घेऊं शकत नाहीं, याची ही प्रांजळ कबुली होय.

शाळेंत गणिताच्या उत्तराला रीत न लिहिल्यास गुण मिळत नसत, हें पुष्कळांना आठवत असेल. रेणूंच्या घड्याळाला तोच नियम लागू आहे. अमुक झाड अमुक कोटी वर्षांपूर्वीं उत्पन्न झालें असें वाचनांत आलें, तर वाचणाऱ्यानें दोन प्रश्न विचारावे: घड्याळ कोणत्या जीवाश्मावर लाविलें, आणि मागेंपुढें किती वर्षांची मुभा ठेविली? या दोहोंचें उत्तर असेल तर तो आंकडा ज्ञानाचा. नसेल तर तो नुसता आंकडा.

तांदूळ आणि ज्वारी यांच्या वांटणीपत्रावरील मिति अजून दोन प्रकारें वाचली जाते. ती निश्चित करणारा पुढचा साक्षीदार कदाचित् एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेंत निघेल, कदाचित् विदर्भांतल्या एखाद्या शेतांत नांगराच्या फाळाला लागेल. दगड झालेल्या शेणाचा गोळा शेतकरी बांधावर फेकून देतो, त्यांत त्याचा दोष नाहीं. त्याच्या न्याहारीच्या भाकरीचें आणि रात्रीच्या भाताचें जुनें नातें त्या गोळ्यांत मिटून ठेवलेलें असतें, एवढें मात्र खरें.